अर्धी बाकं रिकामी

६ फेब्रुवारी १९७३, मंगळवार

ही वही एडनाबाईंनी दिली, आमच्या पाद्री हार्लनबंधूंच्या बायकोनं. मंडळीतल्या सगळ्याच बायकांना एकेक दिली आणि सांगितलं, रोज देवाचा एक उपकार लिहीत जा, मन शांत राहतं. माझं मन काही शांत नाही, पण कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा?

आजचा उपकार: डुक्कर विहिरीत पडलं नाही.

आता खरं लिहिते. हार्लनबंधू ईस्टर झाला की काम सोडणार. अमेरिकेहून आले त्याला बावीस वर्षं झाली, आता गुडघे गेले. हे चर्च त्यांचं म्हणतात. भिंतींची माती मात्र माझ्या नवऱ्यानं कालवली, तेव्हापासून तो त्यांच्या शेजारी उभा राहून दुभाष्याचं काम करतोय. बावीस वर्षांत पदवी काय मिळाली? ‘मदतनीस क्रिसांतो’. तरी मी गप्प होते. कारण गेली तीन वर्षं बंधू माझ्या चुलीपाशी बसून, माझाच टर्कीचा लाल रस्सा भुरकत म्हणत होते, "दोमितिला, माझ्यानंतर उपदेशाचं पुलपिट क्रिसांतोचं."

आज तोच रस्सा, तीच वाटी, आणि म्हणाले, "आनंदाची बातमी! माझा मुलगा तिमो परत येतोय. बायकोला घेऊन. कायमचा. पुलपिट तोच घेईल."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आणि आमचा क्रिसांतो? "देवाची स्तुती असो," म्हणाला. वर रस्सा वाढला त्यांना!

मेला बावळट. आम्ही राहतो ती दोन खोल्यांची जागा चर्चची. पुलपिटावर जो उभा राहील तो ठेवील तर राहायचं. दारचं अवोकाडोचं झाड मी लावलं, आता कुठं फळं धरायला लागलंय. खाणार ती तिमोची बायको. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

११ फेब्रुवारी, रविवार

उपकार: पाऊस भुरभुरतोय तरी मंडळी भरून आली.

ती कशासाठी येते ते आज लिहूनच ठेवते. हार्लनबंधूंना आमची केक्ची बोली येत नाही. पहिल्या वर्षी शिकायला बसले होते म्हणे. पण उपदेश इतका चालायला लागला की गरजच पडली नाही. ते स्पॅनिशमध्ये एक वाक्य बोलतात, मग क्रिसांतो केक्चीत बोलतो. ते एक बोलतात, हा चार बोलतो. बंधूंना वाटतं, बोलीच लांबलचक आहे.

सुरुवात ठरलेली. पुलपिटावर मूठ आपटून बंधू म्हणतात, "बंधूंनो, आजही अर्धी बाकं रिकामी आहेत!" बाकं भरलेली असोत नाहीतर नसोत. आणि माझा नवरा वळून म्हणतो, "आलात, बरं वाटलं. पाय भिजले असतील. जरा पुढे सरका." लोक पुढे सरकतात. बंधू खूश होतात, की आपण झापलं म्हणून सरकले.

आज बंधूंनी डोंगराचा विषय काढला. पेरणीआधी आमचे लोक डोंगराच्या धन्याला मेणबत्ती लावतात, राळ जाळतात, कोको ठेवतात, आणि मगच जमिनीला काठी टोचतात. बंधू लालबुंद होऊन म्हणाले, "ही सैतानाची पूजा आहे!" क्रिसांतोनं सांगितलं, "डोंगराचा धनी कोण? ज्यानं डोंगर केला तो. मेणबत्ती लावाल तेव्हा त्याचं नाव घ्या. आणि मार्सेलिनोबाबा, तुमची मेणबत्ती गेल्या वर्षी वाऱ्यानं विझली होती, यंदा आडोसा करा." सगळे खो खो हसले. बंधू पुन्हा खूश.

गावात चारदोन पोरांना स्पॅनिश कळतं. ती कशाला सांगतील? आठवड्यातली तेवढीच तर करमणूक.

एडनाबाईही हसल्या. त्यांना काय कळतं? बाजारात दोन अंडी मागण्यापुरती तर केक्ची. लोक हसले की ह्याही उगीच दात काढतात.

३ मार्च, शनिवार

आले. उपकार कसला डोंबलाचा.

तिमो ताडमाड झालाय. सोबत बायको, शॅरन. पोरगी केळी साबणानं धुते. देवाशप्पथ, साबणानं! सोलून टाकायचं साल धुऊन मग सोलते. मी बघत राहिले.

तिमो सरळ माझ्या चुलीपाशी आला. "दोमीआई," म्हणाला, आमच्या बोलीत, एक अक्षर न अडखळता. बारा वर्षांचा होईपर्यंत इथंच तर होता, माझ्या पाठीवरच्या झोळीत. मग शाळेला तिकडं पाठवला. दहा वर्षांत दोन पत्रं.

"मी कुणाची आई नाही," मी म्हटलं. "मी भाकरी थापतेय."

"मग एक भाकरी दे, कुणाची नसलेली आई."

तव्यावरचा घेवडा बोटानं खायला लागला, पहिल्यासारखा. मी तवा उचलून पलीकडं ठेवला. खाऊ दे आपल्या बायकोच्या हातची धुतलेली केळी.

१८ मार्च, रविवार

जिवाला घोर लागलाय.

आज तिमो पहिल्यांदा उपासनेला पुढच्या बाकावर बसला होता. क्रिसांतो बोलायला लागला आणि ह्याची मान खाली गेली. खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतोय. हसत होता! बंधूंचं वाक्य एका कानानं, क्रिसांतोचं दुसऱ्या कानानं, दोन्ही कळणारा ह्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर आजवर कुणी बसलेलाच नव्हता. पाठीमागची पोरं वेगळी. हा तर बंधूंचा पोरगा.

घरी आल्यावर क्रिसांतोला म्हटलं, "संपलं. तो बापाला सांगणार."

"सांगू दे."

"सांगू दे? घर जाईल, माणसा! ह्या वयात मी काय तुझ्या बायबलखाली झोपू?"

तर म्हणे, "तिमो चांगला पोर आहे." चांगला! कोंबडीलाही कोल्हा चांगलाच वाटतो, खुराड्याचं दार उघडेपर्यंत.

२ एप्रिल, सोमवार

मी म्हणत होते ना!

तिमो सकाळी आला. मी आत मका दळत होते, पण कान बाहेर. म्हणाला, "क्रिसांतोबाबा, एक मागणं आहे. बाबांचा शेवटचा उपदेश आहे ना, एकोणतीस तारखेचा, तो जसाच्या तसा सांगाल? शब्दाला शब्द."

क्रिसांतोचं लाकूड तासणं चालूच राहिलं.

"आणि माझ्या हाती पुलपिट द्यायचं वाक्य येईल, तेही. गोड करू नका. लोकांना माझ्याबद्दल काय म्हणायचंय ते लोकांनाच म्हणू द्या."

मी दळायचा दगड टाकून बाहेर आले. "वा रे वा! बावीस वर्षं ज्यानं तुझ्या बापाची अब्रू राखली, त्याची चारचौघांत काढायला निघालास? पुलपिट घेतोस ते घे, वर त्याच्याच तोंडून दवंडीही पिटवून घेणार?"

"दोमीआई, तसं नाही गं..."

"तसंच आहे. चालता हो."

तो गेला. डोळ्यांत पाणी होतं. नाटकं शिकवतात वाटतं त्यांच्या बायबल कॉलेजात.

क्रिसांतोला विचारलं, "तू ऐकणार नाहीस ना त्याचं?" तो म्हणाला, "विचार करतो." ह्या माणसानं विचार करायला घेतला की समजावं, दुष्काळात तेरावा महिना.

१० एप्रिल, मंगळवार

आठ दिवस झाले, घरात ह्याच एका विषयावर भांडण. आज मी सरळ सांगितलं, "हे बघ, एकोणतीसला बंधू म्हणतील ‘माझा मुलगा’. तू केक्चीत सांग, ‘मदतनीस क्रिसांतो’. लोक आमेन म्हणतील. एकदा मंडळीनं आमेन म्हटलं की कोण मागं घेतंय?"

किती सोपं होतं! त्याच्या जागी मी असते ना, तर कधीच बिशप झाले असते.

तर हा माझ्याकडं अशा नजरेनं बघतो, जसं मीच सैतान. "दोमी, मी आजवर त्यांची वाक्यं बदलली ती लोकांसाठी. स्वतःसाठी एकही नाही."

"मग आता माझ्यासाठी बदल!"

तो उठून डुकराला खायला घालायला गेला. डुक्कर सुखी आहे ह्या घरात.

२२ एप्रिल, रविवार, ईस्टर

उपकार: प्रभू उठला. बाकी कुणाचं काही बरं चाललेलं नाही.

शॅरनला हगवण लागली. केळी धुऊन सुद्धा. एडनाबाई औषधाचा पाला मागायला आल्या. दिला. दार मात्र अर्धंच उघडलं.

जाताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये हं, दोमितिला. क्रिसांतोला जड जाईल." ह्यांना काय माहीत काय जड जाणार ते? त्यांच्या घरातच शिजलं असणार सगळं.

२९ एप्रिल, रविवार

रात्र फार झालीय, तरी आजच लिहिणार.

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बंधूंचा शेवटचा उपदेश म्हणून वरच्या वाडीतले लोकही आलेले. बायका भिंतीला टेकून, पोरं खिडकीत.

बंधूंनी मूठ आपटली. "बंधूंनो, आजही अर्धी बाकं रिकामी आहेत!"

क्रिसांतो वळला. लोक पुढं सरकायच्या तयारीत. आणि हा म्हणाला, "बंधूंनो, आजही अर्धी बाकं रिकामी आहेत."

लोक मागं वळून बघायला लागले. कुठली बाकं? एकेकावर सात-सात जण कोंबलेले. कुणीतरी हसलं. वाटलं असेल, आज नवीन विनोद काढला.

मी डोळ्यांनी त्याला खुणावत होते, नको, नको. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

बंधू म्हणाले, "डोंगरापुढं मेणबत्ती लावणारा सैतानाला जेवू घालतो." क्रिसांतोनं सांगितलं, डोंगरापुढं मेणबत्ती लावणारा सैतानाला जेवू घालतो. बंधू म्हणाले, "तुमचे बापजादे त्याच अंधारात मेले आणि आज नरकाच्या आगीत जळताहेत." क्रिसांतोचा आवाज चिरकला, पण त्यानं तेही सांगितलं. एक वाक्य, एकच वाक्य. बंधू जरा चपापले, की आज ह्याची बोली इतकी आखूड कशी झाली?

म्हातारा मार्सेलिनो उठला. मंडळीतला सगळ्यात जुना. बाप जानेवारीतच पुरलाय त्यानं, क्रिसांतोनंच माती दिली. भर उपासनेत त्यानं क्रिसांतोला विचारलं, "हे तू म्हणतोस की ते?"

"ते."

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं मी."

मार्सेलिनोनं टोपी डोक्यावर घातली. चर्चच्या आत! आणि निघाला. त्याच्यामागं त्याची बायको, सुना, मग वरची वाडी, मग सगळेच. धक्काबुक्की नाही, ओरडाआरडा नाही, नुसते पायांचे आवाज. बंधूंना कळेना. हात वर करून ते बोलतच राहिले, "आज हे पुलपिट मी माझ्या मुलाच्या हाती देतो," आणि क्रिसांतोनं तेही सांगितलं, जसंच्या तसं, कुणाला तर मला, एडनाबाईंना, तिमोला आणि त्या साबणवालीला.

आता मात्र अर्धी नाही, सगळी बाकं रिकामी होती.

"काय सांगितलंस तू त्यांना?" बंधू ओरडले.

"तुम्ही म्हणालात तेच, बंधू," क्रिसांतो म्हणाला. "पहिल्यांदाच."

बंधू मटकन बसले. त्यांनी तिमोकडं बघितलं. तिमोनं नुसती मान हलवली, हो म्हणून. एडनाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी कधी मिटले, ते वाक्य स्पॅनिशमध्ये आलं तेव्हा की केक्चीत आलं तेव्हा, मी पाहिलं नाही.

रस्त्यात मी नवऱ्याला म्हटलं, "झालं समाधान? हात दाखवून अवलक्षण केलंस!" तो म्हणाला, "मी त्या माणसाला बावीस वर्षं झाकला, दोमी. माझ्या पदराखाली तो म्हातारा झाला. एकदा तरी त्याचं त्याला बोलू द्यायला हवं होतं."

पदर म्हणे. स्वतःच्या अंगावर धड सदरा नाही.

३० एप्रिल, सोमवार

बंधू दारात आले. आत या म्हटलं नाही, तेही आले नाहीत. काठीवर भार देऊन उभे. "क्रिसांतो, तू बावीस वर्षं माझ्या तोंडून खोटं बोललास."

"तुमच्या तोंडून नाही, बंधू. माझ्याच."

"मे महिनाअखेरीस घर रिकामं कर."

त्यावर मी काय काय बोलले ते उपकारांच्या वहीत लिहिण्यासारखं नाही. स्पॅनिशमध्ये बोलले, दुभाष्या लागला नाही.

६ मे, रविवार

दोन्हीकडून मेलो. मंडळीतला एकही जण क्रिसांतोशी बोलत नाही. विहिरीवर मार्सेलिनोची सून मला म्हणाली, "तुझा नवरा आम्हाला इतकी वर्षं फसवत होता." मी म्हटलं, "फसवत होता तेव्हा हसत होतीस की दात काढून! खरं बोलला तर उठून गेलीस." घागर तशीच टाकून आले.

आज चर्च बंद. तिमो आणि शॅरन सकाळच्या ट्रकनं गेले. तिमोनं पुलपिट नको म्हटलं म्हणे, बापाला तोंडावर सांगितलं, की ही मंडळी तुमची कधी नव्हतीच, मला कुठली देता? हं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. माणसंच उरली नाहीत तर पुलपिट घेऊन काय त्यावर केळी वाळत घालायची?

ट्रक निघताना आमच्या दारापाशी थांबला होता. तिमो हाक मारत होता, "दोमीआई!" मी मका दळत राहिले. मग आवाज येईनासा झाला. दळलेलं पीठ बघितलं तर नुसतं भरड, भाकरीच्या कामाचं नाही. डुकराला टाकलं.

९ मे, बुधवार

काहीतरी घडलं.

मार्सेलिनो स्वतः आला. टोपी हातात. माझ्याकडं न बघता क्रिसांतोला म्हणाला, "उद्या पेरतोय. शेतात मेणबत्ती लावायची आहे. शब्द कोण बोलणार?"

"मी खोटारडा ना?" क्रिसांतो म्हणाला.

"आहेसच. पण माझ्या बापाला नरकात कुणी घातला आणि मातीत कुणी ठेवला, ते मला कळतं. आणि रविवारी माझ्या अंगणात ये. वेलदोडे वाळवायची जागा सध्या मोकळी आहे. चर्चची किल्ली त्या म्हाताऱ्याकडं राहू दे. आम्हाला तुझं तोंड पाहिजे."

तो गेल्यावर मी म्हटलं, "बघ! मिळालं पुलपिट."

क्रिसांतोचा चेहरा पांढरा पडला होता. म्हटलं, आनंदानं असेल.

१३ मे, रविवार

मार्सेलिनोचं अंगण. भुरभुर पाऊस, कडेला पत्र्याखाली शेकोटी. बाकं नाहीतच, लोक पोत्यांवर, ओंडक्यांवर. सगळे आले. सूनही आली, घागर आणून दिली माझी.

आणि टेकडी चढत एकटी एडनाबाई आली, छत्री मोडलेली, बूट चिखलात. मला बघून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी पोतं पसरून बसले होते, सरकले नाही.

तिनं हळूच केक्चीत सांगितलं, आणि बाजारातली नाही, स्वयंपाकघरातली, अस्सल केक्ची: "बावीस वर्षं मी ह्याचाच उपदेश ऐकायला येत होते."

माझ्या डोक्यात एकदम पेटलं. "सगळं कळत होतं? मग बावीस वर्षं मूग गिळून बसलात? एक शब्द बोलला असता तर आमच्यावर ही वेळ आली असती?"

"बोलले असते, तर तो बोलायचा थांबला असता," ती म्हणाली. "आणि हार्लन नवरा आहे माझा."

ह्याला उत्तर मला येत होतं, पण लोक बघत होते. पोतं मात्र दिलं नाही. उभी राहू दे पावसात.

क्रिसांतो पुढं गेला. तो उभा राहिला. उभाच राहिला. आधी वाटलं, मनात प्रार्थना करतोय. मग बघितलं, तर तो सारखा डावीकडं बघतोय. बंधू उभे राहायचे तिकडं. तिथं कुणीच नव्हतं, नुसता पाऊस. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मार्सेलिनो खाकरला. मागं कुजबुज सुरू झाली.

तेव्हा मला समजलं. हा माणूस आयुष्यात पहिलं वाक्य कधी बोललेलाच नाही. त्याच्याआधी कुणीतरी बोलायला लागतं. ते नसेल तर त्याच्याकडं काहीच नाही, कोरडी विहीर. घर गेलं, चर्च गेलं, आणि आता मिळालेलं अंगणही जाणार, माझ्या डोळ्यांदेखत, कारण हा मेला नुसता डावीकडं बघतोय.

मी उठले. लाज सोडली. त्याच्या डावीकडं जाऊन उभी राहिले, शेकोटीजवळच्या रिकाम्या पेटीवर मूठ आपटली आणि स्पॅनिशमध्ये, घसा खरवडून, हार्लनबंधूंच्या आवाजात ओरडले, "बंधूंनो, आजही अर्धी बाकं रिकामी आहेत!"

अंगणात एकही बाक नव्हतं. आधी हसली ती एडनाबाई.

क्रिसांतोनं माझ्याकडं बघितलं. खांदे खाली आले त्याचे. लोकांकडं वळला आणि म्हणाला, "आलात, बरं वाटलं. पाय भिजले असतील. जरा पुढे सरका, शेकोटीपाशी सगळ्यांना जागा होईल."

सगळे पुढं सरकले. सरकता सरकता एडनाबाई माझ्या पोत्यावर टेकली, ऐसपैस. उठवणार होते तिला. पण क्रिसांतोचं बोलणं संपत आलं होतं, तो पुन्हा डावीकडं बघायला लागला होता, आणि पुढचं वाक्य मलाच द्यायचं होतं.